सूरह यूसुफ : भावांमधला हसद मुलांना आणि मोठ्यांना एकत्र कसा शिकवावा?

प्रश्न – दर्स_तयारी

अस्सलामु अलैकुम. दहा ते सोळा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईवडील एकत्र बसतील असा सूरह यूसुफचा (कुरआनातल्या यूसुफ (अ.) यांच्या गोष्टीच्या अध्यायाचा) चार बैठकांचा दर्स (पाठ) बसवायचा आहे. एक बैठक साधारण पाऊण तासाची. भर हसद (मत्सर) आणि घरातली नाती यांवर राहील, मिसरच्या (इजिप्तच्या) कारभाराचा भाग थोडक्यात आटपायचा आहे.

तीन ठिकाणी अडायला होतं. एक, मुलं सरळ विचारतात की हजरत याकूब (अ.) यांचा यूसुफ (अ.) यांच्यावर जास्त जीव होता, मग मुळात चूक वडिलांचीच नाही का? दोन, "हसद वाईट, करू नका" एवढ्यावर मुलांच्या हाती काहीच लागत नाही. हसद मनात कसा वाढत जातो हे आयतींमधूनच (कुरआनच्या वचनांमधूनच) दाखवता येईल का? तीन, आणि हे सगळ्यात नाजूक : आयत ९२ मधली, यूसुफ (अ.) यांनी भावांना दिलेली माफी. भावाभावांत बिनसलं की मोठी माणसं हीच आयत पुढे करतात आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच गप्प बसवतात. आयतीतून खरंच असा अर्थ निघतो का?

शक्यतो आयतींचे क्रमांक देऊन लिहा.

उत्तर १ – मुतालआ

वअलैकुम अस्सलाम. आधी वाटणीचं बोलू, कारण बहुतेक दर्स तिथेच फसतात. सूरह १११ आयतींची आहे. पहिल्या बैठकीत १ ते १८, दुसरीत १९ ते ५७, तिसरीत ५८ ते ८७ आणि चौथीत ८८ ते १११ घ्या. पूर्ण सूरहची तिलावत (पठण) मध्यम गतीने अर्ध्या तासाच्या आसपास जाते, त्यामुळे बैठकीत सगळं वाचू नका. तिलावत घरी ऐकून यायला सांगा आणि बैठकीत निवडक आयती घ्या. नेहमी होतं ते असं : अजीजच्या (मिसरच्या अधिकाऱ्याच्या) बायकोचा प्रसंग, तुरुंग आणि राजाचं स्वप्न यांत वेळ निघून जातो आणि भावांची परतभेट शेवटच्या दहा मिनिटांत उरकली जाते. घराबद्दलचं निम्मं शिक्षण तर त्या परतभेटीतच आहे.

आता हसद. पहिल्या बैठकीत ८ ते १८ या अकरा आयती अगदी सावकाश वाचा. हसदची वाटचाल तिथे पायरीपायरीने दिसते, आणि प्रत्येक पायरीवर थांबून "इथून मागे फिरता आलं असतं का?" हा एकच प्रश्न मुलांना विचारत राहा.

पहिली पायरी तुलनेची. आयत ८ मध्ये भाऊ म्हणतात की यूसुफ आणि त्याचा भाऊ अब्बांना आपल्यापेक्षा जास्त लाडके आहेत, आपण तर एवढे सगळे धडधाकट जण आहोत. इथे अजून कोणाचं काही बिघडलेलं नाही. पण त्याच वाक्याच्या शेवटी ते वडिलांना उघड चुकीत ठरवून मोकळे होतात. मनातलं दुखणं वडिलांकडे जाऊन बोलायचं सोडून ते आपसात बोलतात, आणि ऐकणारा प्रत्येक जण आधीच त्याच मताचा आहे. मोठ्यांनी इथे थांबावं. घरातला बराचसा हसद असा एकमेकांना दुजोरा देणाऱ्यांच्या बैठकीतच पोसला जातो.

दुसरी पायरी आयत ९. ठार मारा किंवा कुठल्या तरी दूरच्या मुलुखात टाकून या, मग वडिलांचं लक्ष फक्त तुमच्याकडे राहील. त्यांना यूसुफकडचं काहीही हिसकावून घ्यायचं नाही. हवी आहे वडिलांची माया, आणि ती मिळवायचा मार्ग म्हणून दुसऱ्याला मधून काढायचा बेत आहे. याच आयतीचा शेवट मुलांना नक्की वाचून दाखवा : त्यानंतर आपण नेक होऊन राहू. गुनाह करायच्या आधीच तौबाचा (पश्चात्तापाचा) हिशेब मांडून ठेवलेला. चौदापंधरा वर्षांच्या मुलांना हे लगेच ओळखीचं वाटतं.

तिसरी, आयत १०. एक जण म्हणतो, मारू नका, विहिरीच्या तळाशी टाका, कोणीतरी काफिला उचलून नेईल. याच्यावर वेळ द्या. त्याने जीव वाचवला हे खरं. पण त्याने बेत थांबवला नाही, फक्त सौम्य केला. संध्याकाळी वडिलांना जाऊन सांगायचा रस्ता त्याला मोकळा होता. गटात आपण एकटे पडू या भीतीने माणूस किती पुढे जातो आणि कुठे थांबतो, हे इथे मुलांशी उघडपणे बोलता येतं.

मग ११ आणि १२ मध्ये भाषा एकदम गोड होते : आम्ही त्याचे हितचिंतकच आहोत, उद्या त्याला पाठवा, खाईल, खेळेल, आम्ही सांभाळू. आयत १३ मध्ये वडील आपली भीती बोलून दाखवतात, की तुमचं लक्ष नसताना लांडगा त्याला खाईल. आणि आयत १७ मध्ये भाऊ नेमकं तेच घेऊन परत येतात. खोटं रचायलाही त्यांनी वडिलांच्या तोंडचं कारण वापरलं. आयत १६ ते १८ मधले तपशील मुलांना स्वतः शोधू द्या : अंधार पडल्यावर येणं, रडत येणं, कोणी आरोप करायच्या आधीच "आम्ही खरं बोललो तरी तुम्ही मानणार नाही" असं म्हणणं, आणि सदऱ्यावरचं खोटं रक्त. सदरा फाटलेलाच नव्हता असं तफसीरकारांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) लिहिलं आहे. आयतीत ते नाही, त्यामुळे सांगताना तफसीर म्हणूनच सांगा.

पहिली बैठक १८ वरच थांबवा. त्याच दिवशी विहिरीतून सुटका झाल्याचं सांगून टाकलं तर मुलांना त्या संध्याकाळचा भार जाणवत नाही.

उत्तर २ – फिक्र_ए_घर

पहिल्या प्रश्नाबद्दल. मुलांचा प्रश्न दाबू नका, तो भावांचाच प्रश्न आहे आणि कुरआनने तो त्यांच्या तोंडून मांडलेला आहे.

सूरहमध्ये वडिलांनी एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाकारलं, असा एकही प्रसंग नाही. खास अंगरख्याची गोष्ट बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातली आहे (अध्याय ३७). कुरआनात सदरा येतो तो खोट्या रक्तासाठी (१८), मागून फाटल्याचा पुरावा म्हणून (२५ ते २८) आणि वडिलांच्या डोळ्यांसाठी (९३ आणि ९६). स्वप्नाच्या बाबतीतही हाच घोळ होतो. बायबलमध्ये योसेफ स्वतः भावांना स्वप्न सांगतो. कुरआनात ते फक्त वडिलांना सांगितलेलं आहे, आणि आयत ५ मध्ये वडील ते भावांना सांगू नकोस म्हणून बजावतात. ही दोन कथानकं एकत्र झाली की "वडिलांनी लाड केले, मुलाने फुशारकी मारली, म्हणून भाऊ बिघडले" असं चित्र तयार होतं आणि दोष नकळत यूसुफ (अ.) यांच्यावर येतो.

माझं मत विचाराल तर भावांची तक्रार किती खरी होती यावर दर्स अडकू देऊ नका. सूरह त्याचा निवाडा करतच नाही. ती दाखवते की त्या भावनेचं त्यांनी काय केलं. मुलांना इतकं पुरतं : "मला कमी मिळतं" असं वाटणं हा गुनाह नाही, त्यावर पुढे काय करायचं याचा हिशेब द्यावा लागतो.

पण पालक समोर बसलेले असताना त्यांना एवढ्यावर सोडू नका. त्यांच्यासाठी नुमान बिन बशीर (र.) यांची हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) घ्या, ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. वडिलांनी नुमान यांना एक देणगी दिली. आईने आग्रह धरला की पैगंबर (स.) साक्षीदार असल्याशिवाय मी राजी नाही. पैगंबरांनी (स.) विचारलं, तुमच्या सगळ्या मुलांना असंच दिलं आहे का? उत्तर आलं, नाही. तेव्हा ते म्हणाले, अल्लाहला भ्या आणि मुलांमध्ये न्याय करा. वडिलांनी देणगी परत घेतली. जीव एखाद्या मुलावर जास्त असणं माणसाच्या हातात नसतं. देणं, बोलणं, वेळ, शाबासकी आणि शिक्षा मात्र हातात असतात. लहान, आजारी किंवा दूर असलेल्या मुलाकडे जास्त लक्ष जाणारच. ते का जातं हे बाकीच्यांना मोकळेपणाने सांगितलं तर गैरसमजाला जागा कमी राहते. तुलना करून बोलणं ("बघ तुझा भाऊ") मात्र पूर्ण बंद करावं, कारण आयत ८ मधलं वाक्य मुलांच्या मनात तिथूनच उगवतं.

उत्तर ३ – सब्र_जमील

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण आयत ९२ चा असा वापर फार होतो आणि तो त्या मजलिसीच्या (भावांच्या भेटीच्या) क्रमालाच धरून नाही.

क्रम बघा. ८९ : यूसुफ (अ.) आधी विचारतात, तुम्ही अजाण होता तेव्हा यूसुफशी आणि त्याच्या भावाशी काय वागलात ते आठवतं का? म्हणजे घडलेल्या गोष्टीचं आधी नाव घेतलं गेलं. ९० : मग ओळख. ९१ : भावांची कबुली, अल्लाहने तुम्हाला आमच्यावर श्रेष्ठत्व दिलं आणि चूक आमचीच होती. या कबुलीत "पण" नाही, अब्बांचं नाव नाही, लांडगा नाही. आयत ८ मध्ये जे भाऊ वडिलांना चुकीत काढत होते तेच इथे स्वतःला चुकीत काढतात. आणि मग ९२ : आज तुमच्यावर काही ठपका नाही, अल्लाह तुम्हाला माफ करो. ८९ आणि ९१ गाळून थेट ९२ वर उडी मारायला लावणं म्हणजे कबुलीशिवाय माफी मागून घेणं. जो मोठा माणूस मध्यस्थी करतो त्याने आधी चूक करणाऱ्याकडून ९१ वदवून घ्यावं, मगच दुसऱ्याकडे ९२ ची अपेक्षा ठेवावी. मनाने आधीच कोणी माफ केलं तर ती त्याची थोरवी, पण तिची सक्ती करायला या आयती वापरू नयेत.

शिवाय यूसुफ (अ.) पहिल्याच भेटीत काही बोलले नाहीत. आयत ५८ मध्ये ते भावांना ओळखतात, भाऊ त्यांना ओळखत नाहीत. मधल्या तीसेक आयतींमध्ये ते पाहतात की ही माणसं बदलली आहेत का. धान्य देतात, त्यांचा माल गुपचूप परत त्यांच्याच सामानात ठेवतात (६२), धाकट्या भावाला घेऊन यायला सांगतात. तिसरी बैठक याच भागावर उभी करा. ७७ आणि ७८ शेजारी शेजारी ठेवून वाचा. ७७ मध्ये धाकट्याच्या सामानात प्याला सापडल्यावर भाऊ फटकन म्हणतात, याने चोरी केली तर याच्या भावानेही पूर्वी केली होती. जुना हसद अजून जागा आहे, आणि ज्याच्याबद्दल बोलताहेत तोच समोर बसला आहे. यूसुफ (अ.) ते मनातच ठेवतात. हातात सत्ता आहे, खोटा आरोप तोंडावर झाला आहे आणि उत्तर सहज देता येतं, अशा वेळचं हे गप्प बसणं आहे. पुढच्याच आयतीत तेच भाऊ म्हणतात, याचे वडील फार वृद्ध आहेत, याच्या जागी आमच्यापैकी कोणाला ठेवून घ्या. पूर्वी वडिलांची माया मिळावी म्हणून भावाला टाकलं, आता वडिलांसाठी स्वतःपैकी एकाला द्यायला तयार आहेत. ८० मध्ये सर्वांत मोठा तर परत जायलाच नकार देतो आणि यूसुफच्या बाबतीत आधी काय कसूर झाली याची आठवण बाकीच्यांना करून देतो. बदल असा खाचखळग्यांतून होतो हे मुलांना दिसलं पाहिजे.

विश्वासाचंही बघा. ८१ आणि ८२ मध्ये भाऊ वडिलांना धाकट्याच्या चोरीबद्दल सांगतात ते त्यांच्या माहितीप्रमाणे खरं आहे, साक्षीला ते गाव आणि काफिला दोन्ही पुढे करतात. तरी ८३ मध्ये याकूब (अ.) जवळपास तेच वाक्य बोलतात जे त्यांनी १८ मध्ये खोट्या रक्ताच्या वेळी बोललं होतं : तुमच्या मनाने तुम्हाला काहीतरी भावून दाखवलं आहे, आता सब्र (धीर) हेच उत्तम. एकदा खोटं पकडलं गेलं की नंतरचं खरंही पटत नाही. हे मुलांना उपदेश न करता, दोन आयती समोर ठेवून समजतं. याकूब (अ.) मात्र दोन्ही वेळा मुलांना घराबाहेर काढत नाहीत, शाप देत नाहीत. त्यांना रडू येतं, डोळे पांढरे पडतात (८४), गाऱ्हाणं अल्लाहपुढे मांडतात (८६), आणि त्याच मुलांना पुन्हा शोधायला पाठवतात (८७). सब्र म्हणजे न रडणं, असं समजणाऱ्या मोठ्यांनी ८४ आणि ८६ पुन्हा वाचावी.

एक बारकावा बहुतेक जण सोडून देतात. यूसुफ (अ.) त्याच बैठकीत माफ करतात. वडिलांकडे मुलं माफीची दुआ मागतात तेव्हा (९७) ते म्हणतात, मी तुमच्यासाठी माझ्या रबकडे (पालनकर्त्याकडे) माफी मागेन (९८). पुढच्या वेळेचं बोलतात. दुआ कबूल होण्याच्या खास वेळेसाठी ती राखून ठेवली, असं बऱ्याच मुफस्सिरांनी (तफसीरकारांनी) म्हटलं आहे. कारण काहीही असो, एकाच घरात दोन माणसांची माफीची चाल वेगळी असू शकते आणि कुरआन दोन्हींना जागा देतं. "त्याने माफ केलं, मग तू का नाही?" हा प्रश्न घरात विचारू नये.

शेवटी आयत १००. सगळे एकत्र आल्यावर यूसुफ (अ.) अल्लाहचे उपकार मोजतात. तुरुंगातून बाहेर काढलं, तुम्हा सगळ्यांना वाळवंटातून इथे आणलं. विहिरीचं नाव काढत नाहीत. भाऊ समोर उभे आहेत. बिघाडाचा दोष सैतानावर ठेवतात, आणि म्हणतात "माझ्या आणि माझ्या भावांच्या मध्ये". माफ केल्यानंतर चारचौघांत जुनी गोष्ट काढायची नाही, याचा यापेक्षा स्पष्ट नमुना नाही. मक्का विजयाच्या वेळी (८ हिजरी, इ.स. ६३०) पैगंबरांनी (स.) मक्केच्या कुरैश टोळीला यूसुफ (अ.) यांचेच शब्द ऐकवले, अशी रिवायत (कथन) सीरतमध्ये (पैगंबरांच्या चरित्रात) येते. चौथ्या बैठकीत ती जोडता येईल.

पुढचा प्रश्न – दर्स_तयारी

जजाकल्लाह. ७७ आणि ७८ ची जोडी कधी अशी पाहिली नव्हती. आणखी दोन गोष्टी. ज्याच्या मनात हसद येतो त्याने प्रत्यक्ष करायचं काय? आणि आयत ५ वरून पालक मुलांना "आपलं चांगलं काही कोणाला सांगायचंच नाही" असं शिकवतात, ते कितपत बरोबर?

उत्तर ४ – मुतालआ

आधी दुसरं. आयत ५ मधली सूचना एका विशिष्ट गोष्टीबद्दल आणि विशिष्ट माणसांबद्दल आहे. वडिलांनी मुलाला खोटं बोलायला सांगितलं नाही, ऐकणारा कोण हे बघून बोलायला सांगितलं. चांगलं स्वप्न पडलं तर आपल्यावर जीव असलेल्या माणसालाच सांगावं, असं हदीसमध्येही आहे. दुसरीकडे सूरह दुहाच्या शेवटच्या आयतीत रबच्या नेमतीचा (देणगीचा) उल्लेख करत जा असाही हुकूम आहे. मुलांसाठी सोपा नियम : जे अजून हातात आलेलं नाही ते मोजक्या माणसांत ठेवा. जे मिळालं ते लपवू नका, पण ज्याला ते मिळालेलं नाही त्याच्यासमोर मिरवू नका. आणि प्रत्येक नातेवाइकाकडे हसद करणारा म्हणून बघायची सवय मुलांना लावू नका. आयत ६७ मध्ये याकूब (अ.) मुलांना वेगवेगळ्या दारांनी शहरात शिरायला सांगतात, बऱ्याच मुफस्सिरांनी ते नजर लागण्याशी जोडलं आहे. पण त्याच दमात ते म्हणतात की अल्लाहच्या निर्णयापुढे मी तुमच्या काही कामी येऊ शकत नाही. सावधगिरी इतकीच, त्यापुढे वहम (मनाचे खेळ).

आता उपाय. आधी हसद आणि रश्क वेगळे करून घ्या. दुसऱ्याकडचं निघून जावं असं वाटणं हा हसद. त्याच्याकडे राहो, मलाही मिळो, हा रश्क, आणि त्याला मनाई नाही. ज्याला माल मिळाला आणि तो योग्य कामी खर्च करतो, आणि ज्याला हिकमत (शहाणपण) मिळाली आणि तो ती शिकवतो, या दोघांबद्दल असं वाटणं हदीसमध्ये योग्य ठरवलं आहे.

इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी सांगितलेला इलाज मुलांनाही जमण्यासारखा आहे : हसद जे करायला लावतो त्याच्या नेमकं उलट करा. त्याची निंदा करावीशी वाटली तर त्याच्यातलं एखादं खरं चांगलं दुसऱ्यासमोर बोला. खोटी स्तुती चालणार नाही, जीभ ती ओळखते आणि मन आणखी कडू होतं. तोंड फिरवावंसं वाटलं तर आधी सलाम करा. मदत अडवून ठेवावीशी वाटली तर ती द्या. त्याच्यासाठी बरकतची दुआ करा, आणि शक्यतो एकांतात, कारण सर्वांसमोर केलेल्या दुआत दिखाव्याचा अंश येतो. सुरुवातीला हे सगळं जड जातं, मन तयार नसतं. मन तयार व्हायची वाट बघू नये, कृती आधी आणि मन मागून. इथे लोक चुकतात ते असं, की मनात हसदची लहर आली म्हणूनच स्वतःला वाया गेलेला समजतात आणि प्रयत्न सोडतात. लहर आवडली नाही आणि तिच्यावर चाललो नाही, तर माणूस आयत ८ च्या अलीकडेच उभा आहे.

सूरह फलकची शेवटची आयत मुलांना पाठ असतेच. हसद करणारा हसद करू लागेल तेव्हाच्या त्याच्या उपद्रवापासून तिथे पनाह (आसरा) मागितली आहे. ती वाचताना "दुसऱ्याच्या हसदपासून मला वाचव" याबरोबर "माझ्या हसदपासून दुसऱ्याला वाचव" हीही नियत धरायला शिकवा.

उत्तर ५ – सब्र_जमील

दुसऱ्या बैठकीसाठी एवढंच : २३ ते ३४ या आयती लहान मुलांसमोर थोडक्यात घ्या, मोठ्यांसाठी तो विषय वेगळा ठेवा. जुलेखा हे नाव कुरआनात नाही, भावांची नावं नाहीत, धाकट्याचं नावही नाही. बिन्यामीन हे नाव तफसीरमधून येतं. ताटातूट इतकी वर्षं टिकली असे ठाम आकडे दर्समध्ये सांगितले जातात, तेही आयतींत नाहीत, ते टाळा. याच बैठकीत आयत ३३ आणि ५५ मात्र सोडू नका. ३३ मध्ये गुनाहपेक्षा तुरुंग बरा म्हणणारा माणूस ५५ मध्ये कोठारांची जबाबदारी स्वतःहून मागतो, आणि कारण म्हणून आपण राखणारे आणि जाणकार आहोत एवढंच सांगतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने मधली सगळी वर्षं भावांचा विचार करण्यात घालवली नाहीत, हे तिसऱ्या बैठकीच्या आधी मुलांच्या लक्षात यायला हवं. तरच आयत ५८ मधली भेट त्यांना नीट कळेल.